नोकरी सांभाळून रसायनशास्त्राचे शिक्षण

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत दररोज टी.सी.एल. पावडर टाकली जाते. ती किती टाकावयाची, हा प्रश्न वरकरणी साधा आहे. टाकीत ५०,००० लिटर पाणी आहे आणि दर लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचे आहे, असे धरले तर एकूण १०० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या टी.सी.एल. पावडरमध्ये उपयुक्त क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम पावडर पुरेशी होईल. परंतु ही पावडर उघड्या पोत्यात, दमट खोलीत काही महिने पडून राहिली तर तिच्यातील क्लोरीन उडून जाते. ते २० टक्क्यांवर आले असेल तर त्याच टाकीसाठी ५०० ग्रॅम पावडर लागेल. जलसुरक्षकाने नेहमीच्या मापाने ३०० ग्रॅमच टाकली, तर नोंदवहीत शुद्धीकरण झाल्याची नोंद होईल आणि पाणी मात्र अशुद्धच राहील. नळाच्या तोटीशी ओ.टी. चाचणी घेतली आणि पिवळा रंग आला नाही, म्हणजे चूक कोठे झाली हे शोधण्यास गावात कोणीतरी रसायनशास्त्र जाणणारा माणूस हवा.

असा माणूस बहुतेक गावांत असतोच. तो शाळेत शिक्षक असतो, पंचायत समितीच्या कार्यालयात विस्तार अधिकारी असतो, किंवा विज्ञानाची पदवी घेऊन शेती पाहणारा पंचायत सदस्य असतो. परंतु त्याने रसायनशास्त्र शिकल्याला पंधरा-वीस वर्षे झालेली असतात. कित्येकदा तर पदवी कला शाखेची असते आणि सातवी-आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकविण्याची जबाबदारी अंगावर पडलेली असते. अशा व्यक्तीने नोकरी सोडून महाविद्यालयात जाऊन बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. घर, नोकरी आणि शेत सांभाळून, परवडेल एवढ्या खर्चात आणि आपल्याला झेपेल त्या गतीने विज्ञानाचे शिक्षण घेता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवातून मिळालेले आहे. ते होकारार्थी आहे. मात्र त्याला काही अटी आहेत.

टपालाने गेलेली प्रयोगशाळा

इतिहास किंवा साहित्य हे विषय पत्राद्वारे शिकविता येतील, याविषयी फारशी शंका कधी नव्हती. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. खरी अडचण विज्ञानाची होती. प्रयोगाशिवाय रसायनशास्त्र म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे शिकण्यासारखेच, असे प्राध्यापकवर्गाचे मत होते आणि ते चुकीचे नव्हते.

ही अडचण मोठ्या प्रमाणावर प्रथम सोडविली ती ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात ‘आकाशवाणीवरील विद्यापीठा’ची कल्पना मांडली. जेनी ली यांनी मंत्री या नात्याने ती नेटाने पुढे नेली. १९६९ मध्ये विद्यापीठास सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५,००० विद्यार्थ्यांसह अध्यापनास आरंभ झाला. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. विज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम घेणाऱ्यांत कारखान्यातील कामगार होते, गृहिणी होत्या आणि प्राथमिक शिक्षकांची संख्या तर लक्षणीय होती.

या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला पुस्तकांबरोबर प्रयोगसाहित्याची पेटीही घरपोच पाठविण्यात येई. तिच्यात रसायने, काचसामान, द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणारे उपकरण आणि हाताच्या पंजात मावेल असा प्लास्टिकचा सूक्ष्मदर्शक असे. स्वयंपाकघरातील टेबल हीच प्रयोगशाळा. वर्ष संपले की पेटी परत जाई, तिची साफसफाई व भरपाई होई आणि ती पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याकडे रवाना होई. दूरचित्रवाणीवर पहाटे किंवा रात्री उशिरा पाठ दाखविले जात. याखेरीज उन्हाळ्यात एका विद्यापीठाच्या आवारात आठवडाभर राहून प्रयोगशाळेत काम करणे सक्तीचे होते. घरच्या पेटीने जे साधत नसे ते या आठवड्यात भरून निघे. घरचा अभ्यास आणि थोड्या दिवसांची सघन प्रयोगशाळा ही जोडी त्या वेळी ठरली आणि पुढे जगातील अनेक मुक्त विद्यापीठांनी ती या ना त्या स्वरूपात स्वीकारली.

याच विद्यापीठाच्या अनुभवातून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१२ नंतर इंग्लंडमध्ये शासकीय अनुदानाची पद्धत बदलली, शुल्क कित्येक पटींनी वाढले आणि अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. अध्यापनाचा दर्जा तोच होता, पुस्तके तीच होती. पण प्रौढ विद्यार्थ्याला घरखर्चातून शुल्क काढावे लागते आणि ते हाताबाहेर गेले की तो पहिल्यांदा स्वतःच्या शिक्षणावर काट मारतो. परवडणारे शुल्क ही मुक्त शिक्षणातील सवलत नव्हे. तो त्याचा पाया आहे.

आपल्याकडील व्यवस्था

भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबाद येथे १९८२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर १९८५ मध्ये संसदेच्या अधिनियमान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे बोधवाक्य राज्यातील शिक्षकवर्गास परिचित आहे. शिकविण्यासाठी लिहिलेली स्वयं-अध्ययन पुस्तके, जवळच्या महाविद्यालयातील अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशी तेथे होणारी मार्गदर्शनाची सत्रे आणि घरी सोडवून द्यावयाचे स्वाध्याय, असा या विद्यापीठांच्या कामाचा साचा आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमात पूर्वी एक उल्लेखनीय गोष्ट केली होती. कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम सक्तीचा होता. विश्वाची उत्पत्ती, पर्यावरण, शेती, आरोग्य हे विषय त्यात येत. इतिहासाच्या पदवीधरालाही निसर्गविज्ञानाची तोंडओळख झाली पाहिजे, असा त्यामागील विचार होता. अभ्यासक्रमांच्या पुढील पुनर्रचनेत ही सक्ती राहिली नाही, याची रुखरुख अनेक शिक्षणतज्ज्ञांना वाटत असेल तर नवल नाही.

श्रेयांकाचा हिशेब

या शिक्षणाचे चलन म्हणजे श्रेयांक. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे काम. पुस्तक वाचणे, ध्वनिफीत ऐकणे, स्वाध्याय लिहिणे, मार्गदर्शन-सत्राला जाणे हे सारे त्यात धरलेले असते. प्रमाणपत्र साधारणतः १६ श्रेयांकांचे आणि पदविका ३२ श्रेयांकांची असते. म्हणजे प्रमाणपत्रासाठी ४८० तास झाले. शिक्षकाला शाळा सांभाळून आठवड्याला आठ तास काढता आले, तर हे काम ६० आठवड्यांत होईल. सहा तासच निघाले, तर ८० आठवडे लागतील. प्रवेश घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन एवढा हिशेब प्रत्येकाने करावा. किमान मुदतीत अभ्यासक्रम पुरा करण्याच्या उमेदीने सर्व विषयांचे परीक्षा अर्ज एकदम भरणारे पुष्कळदा पहिल्याच सत्रात खचतात.

कमाल मुदत किमान मुदतीच्या दुपटीहून कमी क्वचितच असते, आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. त्यामुळे पेरणीच्या दिवसांत किंवा निवडणुकीच्या कामात एखादी परीक्षा हुकली तरी पुढची सहा महिन्यांवर असते. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेयांक खाती जमा राहतात. स्वतःच्या गतीने शिकणे म्हणतात ते हेच. मात्र सवड मिळाली की अभ्यास करू, असे म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही, हेही अभ्यासकेंद्रांचे मार्गदर्शक जाणतात. वार ठरवून, वेळ ठरवून बसणारा विद्यार्थी मध्यम बुद्धीचा असला तरी पार पडतो.

रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी मिळविलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदविका तयार केली. विश्लेषणाची मूलतत्त्वे, मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धती, वर्णपटाच्या साहाय्याने करावयाचे मापन, विद्युत-रासायनिक मापन आणि त्यांना जोडून प्रयोगशाळेतील काम, असा तिचा आवाका आहे. शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळा साहाय्यकांसाठी प्रयोगशाळा-तंत्राचे वेगळे प्रमाणपत्र आखण्यात आले. त्यात प्रयोगशाळेतील सुरक्षितता व शिस्त हा भाग प्रारंभीच येतो. हे प्रमाणपत्र दिसावयास लहान आहे. परंतु ज्या शाळेत आम्लाच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या आहेत, तेथे त्याचे मोल कोणत्याही पदवीपेक्षा कमी नाही.

प्रयोग कसे होतात

रसायनशास्त्रातील प्रयोगाचे भाग अभ्यासकेंद्र असलेल्या महाविद्यालयात, बहुधा दीर्घ सुटीत, सलग काही दिवस सकाळ-दुपार घेतले जातात. हजेरी सक्तीची असते. आरंभी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नेमून दिलेले प्रयोग होतात. नंतर काही प्रयोग विद्यार्थ्याने कोणाच्या मदतीशिवाय करून दाखवावयाचे असतात. गुण दोन्हींना आहेत. नोकरदारांना या दिवसांसाठी रजा काढावी लागते. कार्यालयप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी अशा रजेकडे सहानुभूतीने पाहिले, तर एका आठवड्याच्या रजेपोटी शाळेला पुढील वीस वर्षे उपयोगी पडणारा शिक्षक मिळतो.

येथे संगणकावरील आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख करावयास हवा. मुंबईच्या प्रगत संगणन विकास केंद्राने अमृता विश्वविद्यापीठासमवेत शालेय विज्ञानाचे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध करून दिले आहेत. अनुमापनाचा प्रयोग तेथे दहा वेळा करून पाहता येतो. रसायन वाया जात नाही आणि काच फुटत नाही. पूर्वतयारी म्हणून याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु पडद्यावरील ब्युरेट कधी गळत नाही, तिची तोटी कधी अडकत नाही आणि रंग नेमका कोणत्या थेंबाला पालटला याविषयी तेथे संशय उरत नाही. पाण्याचा दुष्फेनपणा मोजताना द्रावणाचा लालसर जांभळा रंग निळा होतो तो क्षण एका थेंबाचा असतो. एक थेंब जास्त पडला की निष्कर्ष चुकतो. तो थेंब ओळखणे हातांना व डोळ्यांना शिकवावे लागते, आणि म्हणून त्या आठ-दहा दिवसांच्या प्रयोगशाळेला पर्याय नाही.

शिकलेले कोठे उपयोगी पडते

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्यासाठी चाचणी-संच पुरविण्याची आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना त्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. संच वापरणे अवघड नाही. नमुन्यात थेंब टाकावयाचे आणि रंग तक्त्याशी जुळवावयाचा. अवघड आहे ते उत्तराचा अर्थ लावणे.

फ्लोराइडचेच उदाहरण घेऊ. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण बरेच अधिक असल्यास पुढे हाडे व सांधे आखडतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांना याचा अनुभव आहे. आता गावकरी विंधन विहिरीची पारख चवीवरून करतात. खारट किंवा मचूळ पाणी वाईट, गोडे व डाळ लवकर शिजविणारे पाणी चांगले, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा आहे. फ्लोराइडच्या बाबतीत तो नेमका दगा देतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी संयोग पावून अविद्राव्य क्षाराच्या रूपाने बाहेर पडते; म्हणून जड पाण्यात ते फार साठू शकत नाही. उलट कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असलेले सुफेन पाणी खडकातील फ्लोराइड सहज विरघळवून घेते. अर्थात जीभ ज्या पाण्याला पसंती देते त्याचीच चाचणी अधिक काळजीने करावयास हवी. विद्राव्यतेचा हा नियम पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. तो ज्याच्या मनात ताजा आहे तो शिक्षक ग्रामसभेत उभा राहून एका वाक्यात समजावू शकतो की, चवीवर भरवसा ठेवू नका.

उपाययोजनेतही रसायनशास्त्रच आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली नळगोंडा पद्धती तुरटी व चुन्याच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविते. तुरटी किती, चुना किती, हे पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. प्रमाण चुकले तर पाण्यात अॅल्युमिनियम उरते. म्हणजे एका दोषाच्या जागी दुसरा येतो. हे काम केवळ छापील सूचनापत्रकावर सोपविता येण्याजोगे नाही.

पदवी दुसऱ्या शाखेची असेल तर

वरील पदविकेस विज्ञानाची पदवी लागते. मग कला किंवा वाणिज्य पदवीधराने काय करावे? त्याच्यासाठी मार्ग थोडा लांबचा, पण मोकळा आहे. केंद्र शासनाचे ‘स्वयम्‌’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे माध्यमिक व उच्च माध्यमिक विज्ञानाचे पाठ तेथे आहेत. उजळणी तेथून सुरू करण्यात कोणताही कमीपणा नाही. त्यापुढे भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून उभारलेल्या ‘एन.पी.टी.ई.एल.’ या उपक्रमातील चार, आठ व बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांना शैक्षणिक पात्रतेची आडकाठी नाही. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा द्यावयाची. तिचे शुल्क गेली अनेक वर्षे १,००० रुपयांच्या घरात राहिले आहे. साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि प्रत्यक्ष केंद्रावरील परीक्षेला ७५ टक्के भार असतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. प्रमाणपत्रासाठी नाव नोंदविले की स्वाध्यायांच्या तारखा पाळाव्याच लागतात. व्याख्याने मात्र नंतरही केव्हाही, कितीही वेळा पाहता येतात. सावकाश शिकावयाचे असेल त्याने एकदा नुसते ऐकावे आणि पुढच्या फेरीत परीक्षेस बसावे.

भाषेची अडचण खरी आहे. रसायनशास्त्रातील यापैकी बहुतेक अध्यापन इंग्रजीत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वाई येथून सिद्ध झालेला, आता संगणकावर विनामूल्य वाचता येणारा मराठी विश्वकोश जवळ ठेवल्यास ही अडचण बरीचशी दूर होते. संज्ञा इंग्रजीत पाठ करून संकल्पना मराठीत समजून घेणारा शिक्षक वर्गात अधिक चांगले शिकवितो, कारण तोच प्रवास त्याच्या विद्यार्थ्यांना करावयाचा असतो.

प्रवेशापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ शिक्षण संस्थांच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत. परंतु मान्यता संस्थेला व अभ्यासक्रमाला वेगवेगळी पाहावी लागते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत दोन्हींची नावे त्या वर्षासाठी आहेत याची खात्री करावी. जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. तसेच प्रमाणपत्राने विषयज्ञान वाढते, शिक्षकपदाची अर्हता मिळत नाही. नेमणूक व वेतनश्रेणीचे नियम स्वतंत्र आहेत, आणि सेवापुस्तकात नोंद होण्यासाठी प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घेतलेली बरी.

राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रवेश जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांसाठी होतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे आणि गोव्यात पणजी येथे विद्यापीठाची प्रादेशिक केंद्रे आहेत. अर्ज करण्यापूर्वी तेथे एकच प्रश्न विचारावा : हव्या त्या अभ्यासक्रमाची प्रयोगशाळा यंदा कोणत्या महाविद्यालयात भरणार आहे? घरापासून ते महाविद्यालय किती दूर आहे आणि तेथे आठ-दहा दिवस राहण्याची सोय होते किंवा नाही, यावर पुढील सर्व आखणी अवलंबून असते. विद्यापीठाची पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात विनामूल्य वाचावयास मिळतात. प्रवेशशुल्क भरण्याआधी त्यांतील एखादे प्रकरण उघडून, वही घेऊन, त्याखालचे प्रश्न सोडवून पाहण्यास काहीच खर्च येत नाही.